ओठ दिसायला हवेत

कोविडमुळे बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा भरू लागले, तेव्हा एटापल्ली तालुक्यातल्या आमच्या शाळेत सगळ्यांच्याच तोंडाला मास्क होते. पहिलीतल्या बहुतेक पोरांच्या घरी माडिया बोलतात. मराठी त्यांच्या कानावर पडते ती मुख्यतः गुरुजींच्या तोंडून, आणि नेमकं तेच तोंड झाकलेलं.

मी 'मका' म्हणायचो, पोरं 'नका' म्हणायची. 'पाट'चं 'ताट' व्हायचं. पोरं मन लावून ऐकत होती, तरी घोळ व्हायचा. मग व्हरांड्याबाहेर लांब उभा राहून, मास्क काढून तेच शब्द म्हटले की बरेचसे सुधारायचे. 'काय' आणि 'गाय' यांतला घोळ मात्र मास्क असो वा नसो, तसाच राहायचा. कारण क आणि ग घशाशी होतात, बाहेरून फरक दिसत नाही. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. कानाला म आणि न जवळजवळचे वाटतात, डोळ्याला ते साफ वेगळे दिसतात.

हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं, की समोर दिसणारा चेहरा ऐकण्यावरही परिणाम करतो. आवाज 'बा'चा आणि पडद्यावरचा चेहरा 'गा' म्हणणारा, तर बहुतेक मोठ्या माणसांना 'दा' ऐकू आलं. लहान मुलांवर चेहऱ्याचा पगडा त्या मानाने कमी पडला. यावरून लहानांना चेहरा लागत नाही असं कुणी म्हणेल, मला ते पटत नाही. कान आणि डोळ्याची सांगड वयाबरोबर पक्की होते, आणि पहिलीतलं पोर ती बसवण्याच्या ऐन वयात असतं. त्यात भाषाही नवी.

वर्गातल्या एका मुलीचा कान वाहायचा. निर्बंध एप्रिल २०२२मध्ये उठले, मास्क गेले. त्या पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना. ही पोरगी जागेवरून उठायची, माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि नजर थेट ओठांवर ठेवायची. मी शब्द म्हणत असतानाच तिचे ओठ हलू लागायचे. श्रुतलेखनात तिचे म आणि न बरोबर यायचे. गोंगाट वाढतो तसा चेहऱ्याचा आधार जास्त कामाला येतो, हे अमेरिकेत १९५४मध्येच मोजून झालंय. पण शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याबद्दल मी तरी कधी ऐकलं नाही.

म्हणून आमच्या शाळा ज्या केंद्रात येतात त्याच्या शिक्षण परिषदेत मी दर वेळी हे मांडतो. फळ्याकडे तोंड करून नवा शब्द सांगू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. खिडकीला पाठ करून उभे राहू नका, चेहरा अंधारात जातो. कान वाहणारं पोर पुढच्या रांगेत बसवा, आणि आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येईल तेव्हा त्याचं नाव आठवणीने आधी सांगा.