बॅटरी बंद!

आमच्या रूममेटचं गाव अकोले तालुक्यात आहे. हे वाक्य हॉस्टेलात उच्चारलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे तू विदर्भातला का?" मग तो बिचारा फर्स्ट इयरपासून पाठ झालेलं उत्तर देतो, "अकोला नव्हे रे, अकोले! नगर जिल्हा. कळसूबाई माहितीये? भंडारदरा? तिकडचा." २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण त्याच्या तोंडात अजून नगरच बसलंय. एवढ्यावरही समोरच्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही तर तो हुकमाचं पान टाकतो, "बीजमाता राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्याच्या. २०२०ची पद्मश्री!" यानंतर मात्र कुणी विदर्भ काढत नाही.

तर या महाशयांच्या चुलतभावाचे भंडारदऱ्याच्या तलावाकाठी सात तंबू आहेत. मे संपता संपता तिथे काजवे येतात आणि जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन-तीन आठवडे, हा खेळ चालतो. शेवटचा पेपर टाकून जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही पाच जण नाशिकहून घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडी असे एस.टी. आणि जीपला लटकत पोचलो. प्रवासवर्णन गाळतो. जीपमध्ये कोण कुणाच्या मांडीवर बसलं होतं हे मासिकात छापण्यासारखं नाही.

धरण दिसल्याबरोबर आमच्यातला सिव्हिलवाला जो सुटला तो सुटलाच. विल्सन डॅम, दगडी बांधकाम, १९१० मध्ये काम सुरू आणि १९२६ मध्ये पूर्ण, उंची ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी. १९६९ मध्ये धरणाला तडे गेले, मग खालच्या बाजूने टेकू देऊन ते बळकट केलं वगैरे वगैरे. ओरलला याची बोबडी वळते, इथे बघा! रूममेटने शांतपणे एवढंच विचारलं, "आणि हे पाणी जातं कुठं, सांग?" तर ते जातं प्रवरेतून खाली, संगमनेर-श्रीरामपूरकडच्या कालव्यांना, तिथल्या उसाला. जूनमध्ये तलाव अगदी तळाशी गेलेला असतो. पाण्याच्या कडेने लाल मातीचा उघडा पट्टा, आणि त्याच्या वर काठच्या लोकांची भातखाचरं, पावसाची वाट बघत मोकळी पडलेली. चुलतभावाचे तंबू त्याच्या स्वतःच्या खाचरात आहेत. बांधाबांधावर एकेक, पायऱ्यांसारखे.

दादाने (आम्हीही त्याला दादाच म्हणायला लागलो) आल्या आल्या नियम सांगितले. एक, पाण्यात उतरायचं नाही. वरून शांत दिसतं, पण खाली गाळ आहे, जुने बांध आहेत. गुडघाभर पाण्यातनं पुढचं पाऊल कुठं जाईल त्याचा नेम नाही. दोन, अंधार पडला की बॅटरी बंद. लागलीच तर हा घ्या, म्हणून त्याने पतंगाच्या लाल कागदाचे तुकडे आणि रबर हातात ठेवले. तीन, स्पीकर नाही. आमचा मेकॅनिकलवाला आठवडाभर स्पीकर चार्ज करत होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पाठोपाठ चुलीवरची भाकरी, पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा आला, आणि विषय मिटला.

साडेसातच्या सुमारास दोन गाड्या आल्या. दहा माणसं, तीन तंबूंचं बुकिंग, अ‍ॅडव्हान्स आधीच मोबाइलवर आलेला. उतरल्या उतरल्या डिकीतून स्पीकर बाहेर निघाला. चाकं लावलेला, आमच्या मेसच्या पिंपाएवढा. दादा पुढे झाला. "साहेब, इथं ते लावता येणार न्हाई." ते म्हणाले, बरं, हळू लावतो. मग त्यांनी विचारलं, गाडी थेट झाडांपर्यंत जाते ना? लाइट टाकून पोरांना काजवे दाखवायचेत. दादा म्हणाला, "लाइट टाकल्यावर काजवं दिसत न्हाईत साहेब. गाडीच दिसती." आम्ही मागे फिस्सकन हसलो. ते मात्र हसले नाहीत. पलीकडच्या कॅम्पवर सगळं चालतं, पैसे देऊन आलोय, अशी बोलाबोली वाढत गेली. शेवटी दादाने खिशातून मोबाइल काढला आणि अ‍ॅडव्हान्सचे तीन हजार तिथल्या तिथे परत पाठवले. गाड्या वळल्या. त्यांचे हेडलाइट पाण्यावरून फिरले आणि लांब गेले.

मला दादाचं कौतुक वाटलं, आणि मी रूममेटला तसं म्हणालोही. तो काही बोलला नाही. बोटांवर हिशोब करत होता. तीन तंबू, दोन जेवणं, वर चहा-नाश्ता... शनिवारची निम्मी कमाई. नंतर त्यानेच सांगितलं. हे दोन-तीन आठवडे म्हणजे त्यांच्या घरातला रोख पैसा. पुढे भात, तो घरी खायला. आणि भात निघालं की गावातली निम्मी माणसं नारायणगावकडे मजुरीला. त्याचा मेसचा हप्तासुद्धा याच तंबूंतून येतो. काका ओट्यावर बसून सगळं बघत होते. ते दादाला एवढंच म्हणाले, "किड्यांपायी गिऱ्हाईक घालवलंस." दादा उत्तरला, "किडंच गेलं तर गिऱ्हाईक कशाला येईल?" दोघांचंही खरं होतं. त्या रात्री बापलेकांत पुढे एक शब्द झाला नाही.

नऊ वाजता दादा आम्हाला ओढ्याकडे घेऊन गेला. लाल कागदाच्या उजेडात फक्त स्वतःचे पाय दिसत होते. हिरडा, सादडा, जांभूळ अशी झाडं असल्याचं तोच सांगत होता, आम्हाला नुसते काळे ढीग दिसत होते. मग एका ढिगात ठिणगी. मग दहा. मग सगळं झाड एकदम उजळलं आणि एकदम विझलं, आणि शेजारच्या झाडाने तीच लाट उचलली. आम्ही पाच जण, जे मेसच्या रांगेतसुद्धा गप्प बसत नाही, ते किती वेळ गप्प उभे होतो कोण जाणे. भानावर येऊन इलेक्ट्रॉनिक्सवाला पुटपुटला, "हीट लॉस जवळजवळ शून्य..." त्याला कुणीतरी कोपर मारलं.

दादाने सांगितलं त्यातलं बरंचसं पुस्तकातही सापडतं. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात जातं, गोगलगायी खाण्यात. पंख फुटल्यावर हातात थोडेच दिवस. त्यात नर चमकून विचारतो आणि मादी चमकून उत्तर देते. मध्ये कुणी मोठा उजेड धरला तर प्रश्नही दिसत नाही आणि उत्तरही. पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच कमी होतात. दादाच्या शब्दांत, "ब्याटरी मारली की त्यांचं लगीन मोडतं."

परतताना पलीकडच्या काठावर गाणी लागलेली ऐकू येत होती. त्या बाजूची झाडं दिव्यांनी लखलखत होती. पाण्यावर आवाज फार लांब येतो. आम्ही तंबूत पडल्यावरही तो बराच वेळ चालू होता, आणि आमच्या मेकॅनिकलवाल्याने, ज्याचा स्पीकर उशाखाली होता, त्या गाण्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

जुलैत कॉलेज सुरू झालं तेव्हा रूममेट आठवडाभर उशिरा आला. आवणी चालू होती म्हणाला. आमचा तंबू होता त्याच खाचराचा फोटो त्याने दाखवला : पोटरीपर्यंत चिखल, काका आणि दादा शेजारी शेजारी वाकून भात लावतायत, मागे तलाव चांगला वर आलेला. मेसचा हप्ता त्याने दंडासकट भरला. पुढच्या सीझनला वाटेवरच पाटी लावायची असं दादाचं ठरलंय, 'स्पीकर व हेडलाइट बंद'. पाटी रंगवून द्यायचं काम आमच्या रूमकडे आलंय, अक्षर बरं म्हणून माझ्याकडे. काका अजून तयार नाहीत.