मुक्कामी माणसांची शिर्डी

शिर्डीत नवा माणूस दिसला की त्याला दोनच गोष्टी विचारतात. रूम पाहिजे का, आणि दर्शन झालं का. तुम्ही कुठले, कोणाकडे आलात, काय करता, हे कोणी विचारत नाही. आलेला माणूस उद्या-परवा निघणार हे धरूनच सगळं चाललेलं असतं. २०१२ साली नवऱ्याला इथल्या एका हॉटेलात नोकरी लागली म्हणून आम्ही चिपळूणहून इथं राहायला आलो. सुरुवातीला मी भाजीची पिशवी घेऊन, घरातल्याच चपला घालून निघाले तरी पॉलिशवाले आडवे यायचे. यात्रेकरूला स्टँडवर किंवा पार्किंगमध्ये गाठून ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या लॉजवर नेणारा आणि कमिशनवर पोट भरणारा तो पॉलिशवाला. "साईराम, हार-प्रसाद घ्या", "साईराम, रूम दाखवू का?" मी इथंच राहते म्हटलं की तो लगेच दुसऱ्याकडे वळायचा. राहणाऱ्या माणसाचं त्याच्याकडे काही काम नसायचं.

आता २०१७ पासून जवळच्या काकडी गावात विमानतळ आहे, २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग नागपूरहून इथपर्यंत आला, मुंबईहून वंदे भारत येते. त्यामुळे नोकरीधंद्यासाठी इथं येणाऱ्यांची रीघ लागली आहे. नात्यातले, ओळखीचे फोन करून विचारतात, शिर्डीत बिऱ्हाड करावं का, माणसं कशी आहेत? फोनवर या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून जे पाहिलं ते लिहिते आहे.

कोकणातल्या माणसाला इथं पहिला झटका बसतो तो पाण्याचा. सह्याद्री ओलांडला की पाऊस मागे राहतो. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. चिपळूणला एका जोरदार आठवड्यात पडतो तेवढा पाऊस इथं अख्ख्या पावसाळ्यात पडला तरी लोक चांगलं साल म्हणतात. गावाची तहान गोदावरीच्या कालव्यावर. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाळीने सोडतात ते पाणी, सुटलं की साठवण तलाव भरायचे आणि ते पुढच्या आवर्तनापर्यंत पुरवायचे. आवर्तन लांबलं की नळ लांबतो. आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराच्या मालकीणबाई, सगळे त्यांना आजी म्हणत, पहाटे जिन्याखालून हाक मारायच्या, "ए पोरी, नळ आला!" शिर्डीत मला माझं म्हणून बोलावणारी ती पहिली हाक. कोणत्या पिंपात किती दिवसांचं पाणी राहतं, टाकीच्या तळाचं पाणी कशाला वापरायचं, धुण्याचं पाणी कुंड्यांना कसं घालायचं, हे मला आजींनी शिकवलं. यात्रेकरूला हे काही दिसत नाही, त्याच्या लॉजवर टँकर येतो. पाण्याची ओढ फक्त राहणाऱ्यांच्या वाट्याला येते, आणि तीच राहणाऱ्यांना एकमेकांच्या दारात नेते.

याच आजींनी दोन वर्षांनी आम्हाला घर सोडायला सांगितलं. भांडण काही झालं नव्हतं. मुलाने वरचा मजला चढवला, खालच्या खोल्यांना संडास-बाथरूम जोडलं आणि रोजावर द्यायला काढल्या. आम्ही महिन्याला जे भाडं देत होतो ते गर्दीच्या चार-पाच दिवसांत सुटत होतं. आजींना वाईट वाटलं, निघताना त्यांनी माझ्या मुलीच्या हातावर पैसे ठेवले, पण हिशेबापुढे त्यांचंही काही चालत नव्हतं. शिर्डीत बिऱ्हाड करणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. इथं भाडेकरूची बरोबरी रोजच्या यात्रेकरूशी होते आणि त्यात भाडेकरू बहुतेक वेळा मागे पडतो. चांगल्या घरांतून उठून कडेच्या वस्त्यांत, निमगावकडे, सावळीविहीरकडे, राहात्याच्या बाजूला गेलेली कितीतरी कुटुंबं मी पाहिली. मंदिराजवळ शेजार असा टिकतच नाही. भिंतीपलीकडे रोज नवं कुटुंब, रात्री दोनला बॅगांची चाकं, पहाटे काकड आरतीला जाणाऱ्यांची लगबग. माणसं भरपूर, आणि कपभर साखर मागायला कोणी नाही.

या गावात आलेला सर्वांत मोठा नवखा माणूस म्हणजे खुद्द साईबाबा. धूपखेड्याच्या चांद पाटलाच्या वऱ्हाडाबरोबर ते आले, खंडोबाच्या देवळापाशी तिथले पुजारी म्हाळसापती यांनी त्यांना "आओ साई" म्हणून हाक मारली, ही कथा इथलं शेंबडं पोरही सांगतं. पण त्याच कथेत पुढे हेही आहे, की त्यांना खंडोबाच्या देवळात राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांनी पडक्या मशिदीत आसरा घेतला. वाण्यांनी पणत्यांना तेल नाकारलं आणि बाबांनी पाण्यावर दिवे लावले, तीही याच गावची गोष्ट. दुसरीकडे गावातल्याच बायजाबाई कोते रानोमाळ हिंडून त्यांना भाकरी भरवायच्या. पाच घरं रोज भिक्षा घालायची आणि त्या पाचांतलं एक नंदराम मारवाड्याचं होतं, म्हणजे तोही मूळचा बाहेरचाच. स्वागताचा शब्द लगेच, जागा सावकाश, आणि भाकरी कधी नाकारायची नाही. माझ्या अनुभवाची शिर्डी आजही याच क्रमाने चालते.

घरी बसून काय करायचं म्हणून मी शिकवणी सुरू केली आणि तिच्यामुळे मला गाव कळलं. एका सतरंजीवर नांदेडकडून आलेल्या हारवाल्याची मुलगी, इडलीची गाडी लावणाऱ्या तेलुगू कुटुंबातले दोन भाऊ, बिहारी आचाऱ्याचा मुलगा, आणि ज्यांच्या पणजोबांनी बाबांना पाहिलं अशा गावकरी घरातला नातू. इडलीवाल्यांची पोरं मराठी इतकी नगरी बोलायची की ऐकत राहावं, आणि गावकऱ्याचा नातू दुकानावर बसून तेलुगू शिकलेला. आंध्र-तेलंगणातून इतके भक्त येतात की इथं दुकानांच्या पाट्या तेलुगूत असतात आणि पाचवीतल्या पोराला तेलुगूत भाव सांगता येतो. भाषेवरून कोणी कोणाला टोचून बोललेलं मी माझ्या सतरंजीवर कधी ऐकलं नाही. पुण्या-मुंबईतून येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

मात्र या मुलांना सुट्टी कशी ती माहीत नाही. जगाला सुट्टी लागली की शिर्डीला काम लागतं. दिवाळी, उन्हाळा, गुरुपौर्णिमा, दसरा, नाताळ, एकतीस डिसेंबर, शिवाय दर गुरुवारी पालखी. त्या दिवसांत सतरंजी अर्धी रिकामी. सहावीतली हारवाल्याची मुलगी एकदा वही घेऊनच दुकानावर बसलेली दिसली. डाव्या हाताने वही दाबून धरलेली, उजव्या हाताने गुलाबाच्या पाकळ्या वेगळ्या करत होती, आणि गणित मनातल्या मनात सोडवून गिऱ्हाईक नसेल तेव्हा उत्तर लिहीत होती. वहीच्या कडा ओल्या झाल्या होत्या. तिला मी शिकवणीला ये म्हणाले नाही, रात्री नऊनंतर मीच तिच्या दुकानात जाऊन बसायला लागले. तिची आई मला तेव्हापासून 'बाई' म्हणायची सोडून 'ताई' म्हणायला लागली.

गावकरी आणि बाहेरचे ही रेघ इथं आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही. जमीन ज्यांची होती त्यांच्या उसा-पेरूच्या वावरात लॉज उभे राहिले. बाहेरून आलेला त्या लॉजवर मॅनेजर, आचारी, वेटर, धोबी. गावकीच्या बैठकीत बोलायचं कोणी आणि ऐकायचं कोणी हे ठरलेलं असतं. ही रेघ ओलांडायची एक सरकारी वाट आहे, ती म्हणजे आधारकार्ड. ग्रामस्थांना शिर्डीच्या पत्त्याचं आधार दाखवून रांगेशिवाय दर्शनाला सोडतात. माझा पत्ता बदलून आला त्या संध्याकाळी मी ते कार्ड घेऊन गेले, रखवालदाराने पाहिलं आणि "जा ताई" म्हणाला. समाधीपुढे उभी राहिले तेव्हा डोळे भरून आले. एवढी वर्षं दर्शन काही चुकलं नव्हतं, पण त्या दिवशी मला कोणीतरी इथली म्हणून आत सोडलं होतं.

२०२० च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला बाबांचं जन्मस्थान म्हणून विकासनिधी देण्याची घोषणा झाली आणि शिर्डीने बंद पुकारला. मंदिर उघडं होतं, बाजार कडकडीत बंद. आमच्या गल्लीतला गावकरी आणि त्याच्याकडे भाड्याने दुकान चालवणारा परभणीकडचा माणूस, दोघे एकाच ओट्यावर बसून वाद घालत होते. बाबांनी आपली जात, गाव, जन्म कधी सांगितला नाही, मग तो ठरवणारे आपण कोण, असं गावकरी तळमळून म्हणत होता. मला ते मनापासून पटलं. ज्याने कोणालाही कुठला म्हणून विचारलं नाही, त्याच्या गावात आम्हा बाहेरच्यांनाही ते विचारलं जाऊ नये, ही आशा मी तेव्हापासून उघडपणे बोलून दाखवते.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ मार्चला, करोनामुळे मंदिर बंद झालं. पहिल्यांदाच गावात फक्त राहणारे उरले. मंदिराच्या रस्त्यावर इतकी शांतता की घरात बसून चिमण्या ऐकू यायच्या. बिहारी आचाऱ्याचं कुटुंब गेलं, तो मुलगा पुन्हा माझ्या सतरंजीवर आला नाही. जे राहिले त्यांनी एकमेकांना प्रथम नावाने ओळखलं. रोजावरच्या खोल्यांना कुलूप लागलं आणि घरमालकांना महिन्याचा भाडेकरू आठवला. आमच्या तेव्हाच्या मालकांनी भाड्याचा विषय स्वतःहून काढला नाही. हॉटेल बंद, नवऱ्याचा पगार बंद, आणि ते म्हणाले, "मंदिर उघडलं की बघू, जाताय कुठं?" नोव्हेंबरात पाडव्याला मंदिर उघडलं, पुढच्या एप्रिलात पुन्हा बंद झालं.

ते बंद असतानाच, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी आमच्या माहेरच्या पोटमाळ्यापर्यंत गेलं. आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर, फोन बंद. मी इथं कोरड्या अंगणात बसून रडत होते. संध्याकाळी इडलीवाल्यांची आई तांदळाचं पोतं घेऊन आली. मग हारवाली आली, मग गल्लीतले गावकरी. कोणाकडेच तेव्हा धड कमाई नव्हती. एका लॉजमालकाने कोठीची खोली उघडून दिली आणि म्हणाला, "ताई, यात्रेकरू नाहीत, हे पडूनच आहे. न्या सगळं." कोऱ्या चादरी, ब्लँकेटं, उशा, टॉवेल. पोरांनी टेम्पो भरला. घाटातले रस्ते खुले झाल्यावर नवरा तो घेऊन गेला. आईकडे अजून ती एक चादर आहे, कोपऱ्यात लॉजच्या नावाचा निळा शिक्का असलेली. ती टाकून दे म्हटलं तरी टाकत नाही.

म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत जे घडलं त्याने मला फार अस्वस्थ केलं. पहाटे कामावर निघालेल्या साईबाबा संस्थानच्या दोन कर्मचाऱ्यांचे खून झाले. गाव हादरलं, आणि ते रास्तच होतं. पहाटे चारला बायका-माणसं कामाला निघतात असं हे गाव, रस्ता सुरक्षित हवाच. पण मग बाहेरचा प्रत्येक गरीब माणूस संशयित झाला. प्रसादालयातल्या फुकट जेवणाने कोण कोण गोळा होतं यावर चर्चा झाली, भिक्षेकरी पकडण्याच्या मोहिमा निघाल्या. भाडेकरूंची नोंद पोलिसांत व्हावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र ज्या गावाचा देव पाच घरची भिक्षा मागून जेवला, तिथं भुकेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहिलं जावं हे मला सहन होत नाही. गुन्हेगार शोधावा, फुकटची पंगत मोडू नये.

मागच्या महिन्यात आमच्या वरच्या खोलीत लातूरकडचं एक जोडपं राहायला आलं. ती मुलगी दवाखान्यात नर्स आहे. तिनेही जिन्यात थांबवून तेच विचारलं, इथं करमेल का? मी तिला सांगितलं, घर मंदिरापासून लांब आहे ते बरं, जवळ जायच्या फंदात पडू नकोस. करार लिहूनच घे. आधारचा पत्ता आधी बदल. गुरुवारी संध्याकाळी भाजीला जाऊ नकोस, रस्ता मिळायचा नाही. नळाची वेळ मी सांगेन. आणि रामनवमीला ड्यूटी बदलून घेता आली तर घे. सगळे म्हणतील त्या गर्दीत जाऊ नकोस, पण ती गावाची यात्रा असते. गोदावरीच्या पाण्याच्या कावडी येतात, संदल निघतो, कुस्त्यांचा हगामा भरतो, आणि गावकरी त्या दिवसांत दुकानात कमी आणि रस्त्यावर जास्त असतात. तिथं चार बायकांशी ओळख होईल. त्यातली एक मी करून देते, तिचं हारांचं दुकान आहे, तिची मुलगी यंदा बारावीला आहे.