सवाई, तीन

हुबळी-धारवाडची महापालिका 1962 साली एक झाली. आमच्या घराण्याला ते अजून मान्य नाही. हुबळीची मावशी म्हणजे केश्वापूर, कापूस आणि रेल्वे. धारवाडचे आम्ही म्हणजे माळमड्डी, पेढा, पेन्शन आणि गाणं. मध्ये वीसेक किलोमीटरचा रस्ता आणि भरपूर टोमणे. त्यामुळे 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भाचीने ‘कोडनेम्स’ची लिंक पाठवून दोन टीम पाडायला सांगितलं, तेव्हा चिठ्ठ्या टाकायची वेळच आली नाही. लाल हुबळी, निळं धारवाड. पुणे, बंगळूर आणि न्यू जर्सीवाल्यांनी आपापलं आजोळ बघून बाजू धरली. अजूनही रविवारी रात्री जेवणं आटोपली की आम्ही बसतो. न्यू जर्सीत तेव्हा दुपार असते, त्यामुळे तिकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

हा खेळ व्लादा ख्वातिल या चेक माणसाने काढला. 2015 साली पत्त्यांच्या रूपात आला, पुढच्याच वर्षी जर्मनीत त्याला ‘वर्षाचा खेळ’ हा मान मिळाला. रीत सोपी आहे. समोर पाच ओळींत पंचवीस शब्द. त्यातले नऊ सुरुवात करणाऱ्या टीमचे, आठ दुसरीचे, सात कुणाचेच नाहीत आणि एक काळा. काळ्याला हात लागला की तिथेच डाव संपला. कुठला शब्द कुणाचा हे फक्त दोन कॅप्टनना दिसतं. कॅप्टनने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा, की तोंड बंद. ‘पाऊस, दोन’ म्हटलं की पावसाशी नातं असलेले आपले दोन शब्द टीमने हुडकायचे. एक जास्तीचा मारून बघायचीही मुभा असते.

घरात समोरासमोर बसून आम्ही हा खेळ खेळलो असतो तर तो दहा मिनिटांत मोडला असता, कारण आमच्याकडे भुवया फार बोलतात. ऑनलाइन ती सोय नाही. कॅप्टनने कॅमेरा आणि माइक बंद ठेवायचा हा आमचा घरचा नियम. स्क्रीनवर ज्याला जो शब्द वाटतो त्यावर त्याने बोट ठेवलं की तिथे त्याचं नाव उमटतं. एकाच शब्दावर तीन नावं जमली की पलीकडे कॅप्टनचं काय होत असेल, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तयार इंग्रजी यादीवर मावशी चार डावांत वैतागली. मग भाचीने मराठी शब्दांची यादी केली आणि खरी भांडणं सुरू झाली. समोर जो शब्द दिसतो त्याचं कुठलंही रूप, किंवा जोडशब्दातला तुकडा, संकेत म्हणून चालत नाही. ‘पाणी’ समोर असताना ‘पाणपोई’ चालेल का, यावर अर्धा तास गेला. (नाही चालली. मी अजून नाराज आहे.) दुसरा नियम परभाषेचा. मूळ इंग्रजी नियमपुस्तकात म्हटलंय की परका शब्द तेव्हाच चालेल, जेव्हा तुमची मंडळी तो इंग्रजी वाक्यात सहज वापरत असतील. जर्मन ‘आप्फेल’ चालत नाही, पण ‘श्ट्रूडेल’ चालतं. हा नियम लिहिणाऱ्याने धारवाडचं मराठी घर पाहिलेलं नव्हतं. आमच्या बोलण्यातलं कन्नड बाजूला काढायला बसलो तर जेवणाच्या पानातलं निम्मं वाढप उचलावं लागेल. शेवटी दादाने निकाल दिला: जो शब्द आजी मराठीतून रागावताना वापरायची, तो मराठी. हा निकाल टिकला आहे.

त्याच निकालावर वहिनीने ‘गिरमिट, दोन’ दिलं. वहिनी शिरसीची, घरात कन्नड. मराठी लग्नानंतर शिकली. तिच्या मनात होते ‘चुरमुरे’ आणि ‘मिरची’, कारण इथे संध्याकाळी गाड्यावर गिरमिट घेतलं की सोबत मिरची आलीच. आमच्या टीममधल्या पुण्याच्या काकांनी मात्र झपकन ‘सुतार’वर बोट ठेवलं. पुण्यात गिरमिटाने भोकं पाडतात. ‘सुतार’ कुणाचाच नव्हता म्हणून निभावलं.

पण लक्षात राहिलेला डाव मावशीचा. हुबळीचे तीन शब्द उरले होते, आमचे दोन. मावशी कॅप्टन. ती म्हणाली, “सवाई, तीन.”

पुण्याचा तिचा नातू एका सेकंदात ‘शाल’, ‘मांडव’ आणि ‘डिसेंबर’वर नाव टाकून मोकळा झाला. त्याचं बरोबरच होतं. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात 1953 साली सुरू केलेला महोत्सव म्हणजे त्याच्यासाठी सवाई; आणि तो डिसेंबरात, मांडवात, शाल गुंडाळूनच ऐकायचा असतो. न्यू जर्सीच्या मावसबहिणीने ‘गंगा’ धरली, कारण सवाईंच्या शिष्या गंगूबाई हनगल हुबळीच्या. लाल निघालं. मग बंगळूरचा भाऊ म्हणाला, “कुंदगोळला नाडगीरांच्या वाड्यात शिकवायचे ते. वाडा दाब.” लाल.

आता एकच. आमच्याकडे सगळ्यांना तो कळला होता. सगळे गप्प, कारण समोरच्यांना सगळं ऐकू जातं. सवाई गंधर्व कुंदगोळचे, गंगूबाई राहायच्या हुबळीत, आणि शिकवणीला रेल्वेने जायच्या. ही गोष्ट आजीने आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की समोरचा ‘गाडी’ हा शब्द आम्हाला लालच दिसत होता. धारवाडच्या टीमला हा संकेत मिळाला असता तर आम्ही तो डोळे मिटून सोडवला असता.

“आज्जी डिसेंबरात पुण्याला यायची ना? गारठायची. शालच,” नातू म्हणाला.

“थांब की रे जरा,” मावसबहीण म्हणाली, पण तिच्या गॅसवर काहीतरी होतं. “बरं, तू म्हणतोस तर शाल.”

शाल निळी निघाली. आमचा शब्द, आणि तोही फुकटात. उरलेला एक आम्ही पुढच्या खेपेला उचलला.

मावशीचा माइक सुरू झाला. “गंगूबाई काय शाल पांघरून चालत जायच्या रे कुंदगोळला?”

“आज्जी, सवाई म्हटल्यावर गाडी कुणाला आठवेल?”

“आणि शाल कुणाला आठवते?”

“सगळ्या पुण्याला!”

यावर मावशीकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिने महोत्सवालाच हात घातला. मूळ गाणं इकडचं, तुम्ही तिकडे नुसत्या सतरंज्या टाकल्या, वगैरे. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी कुणी लॉगआउट केलं नाही. कुंदगोळला जायचं तर हुबळीहून कुठली पॅसेंजर धरावी, इथपर्यंत चर्चा गेली. नातवाने विचारलं, स्टेशन तेच का, जगातला सर्वांत लांब फलाट असलेलं? तेच, 1507 मीटर, असं मावशीने जणू तो तिच्या अंगणात असल्यासारखं सांगितलं. धारवाडच्या बाजूने मी एवढंच म्हटलं, की फलाट लांब असून गाडी चुकलीच ना. त्यानंतर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

आता वहिनीने कन्नड शब्दांची यादी करायला घेतली आहे. कन्नड डावात ती ज्या टीममध्ये असेल ती जिंकणार, हे उघड आहे. शिरसीहून येणारी बस आधी हुबळीला लागते, तेव्हा वहिनी हुबळीची, असा दावा मावशीने ग्रुपवर टाकलाय. दादाने तो वाचलाय, उत्तर अजून दिलेलं नाही.