अर्धी बादली

भाचीने परदेशी शिक्षणाचा विषय काढला, तेव्हा तिला पहिला विरोध केला तो मी. वर्ष २०२२. फिजिओथेरपीची पदवी घेऊन ती बडोद्यातच चांगल्या नोकरीला लागली होती. तरीही तिला ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी, एडिथ कोवान विद्यापीठात, कर्करोगाच्या रुग्णांसाठी व्यायामचिकित्सा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावयाचा होता.

"अगं, त्या माणसांना धड उठवत नाही, आणि तू त्यांना जोर-बैठका काढायला लावणार?" असे मी बोलून गेले. तिने उत्तर दिले नाही. भिंतीवरील आईच्या तसबिरीकडे ती नुसती पाहत राहिली.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. २०१४ साली तिला मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या. आम्ही बहिणी-भावजयांनी पाळ्या लावून घेतल्या आणि तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. ती देवपूजेला उठू लागली, की आम्ही तिला दंडाला धरून पुन्हा निजवीत असू. सहा महिन्यांत तिला न्हाणीघरापर्यंतही आपल्या पायांनी जाता येईना. ते सारे आम्ही रोगाच्या खात्यावर मांडले. २०१६ मध्ये ती गेली. तिच्या सेवेत आपण काही उणे ठेवले नाही, हे एकच समाधान माझ्यापाशी उरले होते. भाचीच्या हट्टाने त्यालाच धक्का लागतो आहे असे मला वाटले.

मी स्वतः तेव्हा स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून वर्षभरापूर्वीच उठले होते. डाव्या काखेतील लसिकाग्रंथी काढल्या होत्या. 'या हाताने जड उचलू नका, सूज येईल,' असे मला बजावण्यात आले होते. घरच्यांनी त्यापुढे जाऊन माझ्या हातची कळशी घेतली, पोळपाट घेतला, पुढे नातवंडेही घेतली. तो हात मी पदराखाली एखाद्या ठेवीसारखा जपत होते.

वास्तविक आम्हा बडोदेकरांना व्यायामाचे वावडे नाही. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे हे गाव. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' येथलाच. त्याचे दोन खंड आमच्या माडीवरील कपाटात आहेत. परंतु व्यायाम निरोग्याने करावा आणि रोग्याने अंथरूण धरावे, ही विभागणी आमच्या मनात पक्की होती.

भाची गेली. दर रविवारी तिचा फोन येई. एकदा तिने सहज विचारले, "मावशी, डाव्या हातानं शेवटचं काय उचललंस गं?" मला खरोखर आठवेना.

मग तिने समजावून सांगितले. हाताला सूज येण्याचा धोका खोटा नव्हे. पण हात न वापरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ यांनी हाताला अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा वर्षभर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यांतील ज्यांनी अगदी हलक्या वजनापासून आरंभ करून, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवीत नेले, त्यांची सूज इतर स्त्रियांपेक्षा वाढली नाही; उलट ती एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले. तिच्याच विद्यापीठातील गॅल्व्हाओ आणि न्यूटन यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगावर संप्रेरक-उपचार घेणाऱ्या ५७ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्या उपचाराने स्नायू झिजतात. पण १२ आठवड्यांच्या व्यायामाने स्नायू व ताकद दोन्ही वाढल्याचे त्यांना आढळले.

"तुम्ही तिथं नेमकं शिकता तरी काय?" मी विचारले. "कुणाला काय करायला लावायचं नाही, हे आधी शिकतो," ती म्हणाली. कर्करोग हाडात उतरला असेल तर त्या हाडावर भार द्यायचा नाही. काही औषधांनी हृदय दुबळे होते, काहींनी तळपाय बधिर होऊन तोल जातो. काहींनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा गर्दीच्या व्यायामशाळेत पाठवायचे नाही. हे सारे पाहून मग प्रत्येकाची मात्रा ठरवायची: कोणता व्यायाम, किती वेळ, किती जोराने. औषधाला जशी मात्रा, तशीच.

२०२५ साली तिने आणखी एक बातमी सांगितली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व औषधे पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचा, मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियात, दीर्घकाळ अभ्यास झाला होता. एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शकासह व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यविषयक माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी पहिल्या गटात शंभरांतील सुमारे ९० जण हयात होते, दुसऱ्या गटात सुमारे ८३.

रोगाचे नाव ऐकताच माझ्या पोटात कालवले. इतके दिवस ओठांवर आलेला प्रश्न मी अखेर विचारला. "तुझ्या आईला आम्ही निजवून ठेवलं. चुकलं का गं आमचं?"

बराच वेळ ती गप्प होती. "आई वाचली असती, असं मी कधीच म्हणणार नाही, मावशी. तिचा आजार यकृतापर्यंत गेला होता. आणि तेव्हा कुणी सांगितलंही नव्हतं तुम्हाला. पण तिला न्हाणीघरापर्यंत आपल्या पायांनी जायचं होतं. रात्री ती मला तेवढंच म्हणायची. ते कदाचित जमलं असतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी शल्यविशारदांना भेटले, त्यांची संमती घेतली. घट्ट बाही घालून आरंभ केला तो रिकाम्या तांब्यापासून; मग भरलेला तांब्या, मग लहान कळशी. कुठे जडपणा वाटला की थांबायचे, ही भाचीची ताकीद. घरातले धावून येत. त्यांना दूर ठेवणे हाच यातील सर्वांत अवघड व्यायाम ठरला. त्यांचा राग येत नाही; मीही बहिणीच्या उशाशी अशीच धावत होते.

आता रोज सकाळी अर्धी बादली पाणी डाव्या हाताने तुळशीपर्यंत नेते. कोणी घरात आजारी असेल, तर त्याच्या डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे, की याला काय काय करू द्यावे? आम्ही बहिणीसाठी एवढेच विचारले नव्हते.