तेल्हाऱ्यात लॉर्ना

तेल्हाऱ्याचे आणि जाझचे काय नाते, असे कोणी विचारले तर मी थोडा गडबडेन. पण माघार घेणार नाही. आमचे तेल्हारा म्हणजे अकोला जिल्ह्याच्या उत्तरेकडले तालुक्याचे गाव. पाठीशी सातपुडा, पुढ्यात काळी जमीन आणि त्या जमिनीत कापूस. ज्या ब्लूजच्या मुळातून जाझ फुटला, ते ब्लूज अमेरिकेच्या दक्षिण भागात जन्मले. आणि तो मुलूखही कापसाचाच! १८६१ ते १८६५ या वर्षांत तिकडे यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला एकाएकी भाव चढला. तिकडचा गुलाम नि इकडचा कास्तकार एकाच तराजूत तोलले जात होते, फक्त एकमेकांचे नाव दोघांनाही ठाऊक नव्हते. कापूस वेचताना तिकडे बाया गात, इकडेही गातात. तेव्हा सोयरीक लांबची खरी, पण आहे.

बरे, जाझ आमच्या गावात आला तोही नाव न सांगता आला. १९५१ सालच्या 'अलबेला'तले 'शोला जो भडके' ऐकून ज्यांचे पाय थिरकले, त्यांना कोठे माहीत होते की त्या चित्रपटात वाजवणारा चिक चॉकलेट हा मूळचा गोव्याचा अंतोनियो झेवियर वाझ आहे आणि मुंबईत जाझचा ट्रंपेटवाला म्हणून त्याचा बोलबाला आहे? गोव्याची ही पोरे देवळाच्या शाळेत, म्हणजे इगर्जीच्या शाळेत, स्वरलिपी शिकत आणि वाद्य बगलेत मारून मुंबई गाठत. दिवसा चित्रपटांची ध्वनिमुद्रणे, रात्री हॉटेलांतले बँड. आपल्या संगीतकारांच्या चाली भराभर कागदावर उतरवून घेणारे, त्यांना वाद्यमेळाचा साज चढवणारे हेच लोक. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे शोधायला भिंग लागते.

पण वाजवणाऱ्यांच्या या गर्दीतली गाणारी मला फार उशिरा भेटली. माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त मडगावला होता. १९९६ च्या दिवाळीला तो घरी आला तो दोन कॅसेटी घेऊन. एकीवर लॉर्नाची जुनी गाणी होती, दुसरी 'हॅलो लॉर्ना' नावाची नवी. जुनीतले 'बेबदो' त्याने आधी लावले. बेबदो म्हणजे दारुडा. आवाज असा, की जणू एखादी रोखठोक बाई कंबरेवर हात ठेवून दारात उभी आहे! जाडसर, किंचित खरखरीत, आणि ताल कसा? पुढे जाईल म्हणावे तर मागे रेंगाळतो, मागे राहिला म्हणावे तर झपकन् गाठतो. कोंकणी निम्मीशिम्मी कळत होती. आमची आत्या चकल्या पाडता पाडता थांबली आणि म्हणाली, "शब्द नाई समजत बाप्पा, पन बाई खरं बोलून राह्यली."

लॉर्ना कोर्देरो १९४६ साली मुंबईत जन्मली, घराणे गोव्याचे. कोवळ्या वयातच ती बँडबरोबर इंग्रजी गाणी म्हणू लागली. तो काळ चर्चगेट स्ट्रीटचा, म्हणजे आजच्या वीर नरिमन रस्त्याचा. तिथल्या हॉटेलांतून रोज संध्याकाळी जाझ वाजे. तिला ख्रिस पेरी भेटला. मडगावच्या बोर्ड्यात १९२८ साली जन्मलेला हा माणूस ट्रंपेट वाजवी, सॅक्सोफोन वाजवी, चाली बांधी. त्याने एक धाडस केले. जाझचा ताल आणि ब्रास उचलून त्याने आपल्या मायबोलीच्या पाटावर बसवला. आणि लॉर्नाला, जी साहेबी गाण्यांत रमली होती, कोंकणीत गायला लावले. १९७१ साली 'बेबदो'ची तबकडी निघाली. मग 'पिसो', 'लिस्बोआ', 'नाचूया कुंपासार'. गोव्यातली लग्ने या गाण्यांवाचून लागेनाशी झाली म्हणतात; मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

आणि मग ती गप्प झाली. ऐन भरात. सत्तरीच्या दशकात ख्रिसशी जोडी तुटली आणि वीसहून अधिक वर्षे लॉर्ना रंगमंचावर दिसली नाही. का, याच्या अनेक कथा आहेत. दोन माणसांच्या घरगुती आणि धंद्याच्या गोष्टी चघळण्यात मला रस नाही. मला कुतूहल वाटते ते त्या वीस वर्षांचे. सकाळी उठून चहा करताना ती गुणगुणत असेल का? शेजारच्या रेडिओवर आपलाच आवाज ऐकू आला, तर खिडकी लावून घेत असेल का?

हे मनात येण्याचे कारण आमची आत्याच. माहेरी होती तोवर भुलाबाईच्या महिन्यात आळीतल्या पोरी तिच्यामागे असत. एकदा गाणे उचलले की अर्धा तास थांबत नसे. पेटीवर बोटे चालत. लग्न होऊन अकोटला गेली आणि गाणे संपले. सासरी कोणी बंदी घातली नव्हती हो. नुसते कोणी 'गा' म्हटले नाही. अशा किती आत्या, किती मावश्या, किती वहिन्या आपल्या घरांतून पोळ्या लाटत आल्या आहेत, त्यांची शिरगणती कोणत्याच सरकारने केलेली नाही.

लॉर्नाचे एक बरे होते, तिच्या तबकड्या होत्या. ती गप्प होती तरी त्या बोलत होत्या. १९९५ साली रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने तिला पुन्हा माइकपुढे आणले, 'हॅलो लॉर्ना' निघाली आणि गोव्यात तिच्या जलशाला गर्दी लोटली. ती गात होती तेव्हा जी पोरे पाळण्यात होती, तीही ओळ अन् ओळ तिच्याबरोबर म्हणत होती. ख्रिस पेरी २००२ साली वारला. २०१४ साली बार्द्रॉय बार्रेटो यांनी या दोघांच्या गाण्यांवर 'नाचूया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट काढला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. जुनी वीस गाणी त्यात नव्याने वाजली आणि वाद्ये वाजवून अंधारात राहिलेल्या त्या गोवेकरांवरही थोडा उजेड पडला.

त्या दिवाळीत दुसरी कॅसेट लावली तेव्हा आत्या सोऱ्या बाजूला ठेवून, हात पुसून, टेपजवळ येऊन बसली. "मधात गात नव्हती म्हन्ते थे?" तिने विचारले. "वीस वर्षांच्या वर," पुतण्या म्हणाला. आत्याने एक गाणे पुरते ऐकून घेतले. मग जाणत्या माणसासारखी मान हलवून म्हणाली, "वरच्या सुराले जपून जाते आता. पन ठेका नाई सुटला."

पुतण्याने कॅसेट उलटून लावली. चकल्या त्या दिवशी उशिरा झाल्या.