दडलेल्या क्रमाचा पुरावा

समीक्षेत ‘दडलेला’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. दडलेला अर्थ, दडलेली संरचना, दडलेली विचारसरणी. साहित्य शिकवताना मीही तो वापरत आलो आहे. आणि हा अर्थ कवितेतच आहे की तुम्ही तो तिच्यात घातलात, या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाने मला नेहमीच अस्वस्थ केले आहे. या प्रश्नाचा विचार करताना आधार मिळाला तो अनपेक्षितपणे पदार्थविज्ञानाचा.

मँगनीज ऑक्साइड लोखंडाचा कीस ओढून घेत नाही. परंतु १९३० च्या दशकात लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशी कल्पना मांडली, की काही पदार्थांत अणू स्वतः चुंबक असतात, मात्र शेजारशेजारचे अणू परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून असल्याने एकूण बेरीज शून्य होते. बाहेर शून्य, आत कडक शिस्त. क्ष-किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या विद्युतभारामुळे विखुरतात. ही शिस्त त्यांना सहसा दिसत नाही. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, पण तो स्वतःच एक सूक्ष्म चुंबक आहे. १९४९ साली अमेरिकेतील ओक रिज येथील शल आणि स्मार्ट यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ८० केल्विनपर्यंत थंड केलेल्या मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनांचा झोत सोडला असता आलेखात काही अधिकची शिखरे उमटली होती. त्यांचा हिशेब लावायचा, तर पुनरावृत्तीचे एकक रासायनिक एककाच्या दुप्पट लांबीचे मानावे लागत होते. खोलीच्या तापमानाला ती शिखरे नव्हती. असे प्रयोग आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही होत आले आहेत.

मला महत्त्वाचे वाटते ते शिखरांचे हे नसणे. जो पुरावा नाहीसा होऊ शकतो, त्याच्या असण्याला अर्थ असतो. जे वाचन कोणत्याही कवितेला सारखेच लागू पडते, ते त्या कवितेविषयी काहीच सांगत नाही.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉन यांच्या एका संयुगाची विशिष्ट उष्णता १७.५ केल्विनच्या आसपास एकदम उसळी घेते, असे आढळले. म्हणजे आत कसला तरी क्रम निर्माण झाला होता. न्यूट्रॉनांना सापडलेले चुंबकत्व मात्र इतके क्षीण होते, की उसळीचा हिशेब त्याने लागेना. या अवस्थेला ‘छुपा क्रम’ असेच नाव पडले. गेल्या चाळीस वर्षांत सिद्धान्त अनेक आले. सर्वमान्य एकही झाला नाही. उसळी नाकारता येत नाही आणि कारणही ठरत नाही, अशा स्थितीत हे लोक काम करत राहिले.

समीक्षेला हा संयम मानवत नाही. एखाद्या कडव्यात लय अडखळली, की आपण लगेच इतिहासाकडे नाहीतर मानसशास्त्राकडे धाव घेतो. अलीकडे वर्गात मी ते अडखळणे नेमके दाखवतो आणि कारण पुरेसे सिद्ध होत नसेल, तर तेथेच थांबतो. काही विद्यार्थ्यांना हा शिक्षकाचा अपुरेपणा वाटतो. त्यांच्याशी माझा वाद अजून चालू आहे.