गेला एक, परतला दुसराच

फक्त २९ सूचना! चौदा रजिस्टरं मेमरीत लिहायची, चौदा मेमरीतून उचलायची आणि शेवटी एक रिटर्न. एवढ्यात एक प्रोसेस निजते आणि दुसरी जागी होते. इतकी वर्षं एका खिडकीत हिशेब आणि दुसरीत गाणी लावून बसले, पण या दोघांना आळीपाळीनं कोण उठवतं हे कधी मनातही आलं नव्हतं.

मी बोलतेय ते एक्सव्ही-६ बद्दल. एमआयटीत २००६ साली विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली ही चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर बेतलेली आहे. आता ती रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालते. बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन बेंगळुरूच्या येलहंका न्यू टाउनला राहायला आल्यावर मी सी भाषा शिकायला घेतली. भाचा इथंच चिप तपासायच्या कामात आहे. त्यानं ही सिस्टिम माझ्या लॅपटॉपवर टाकून दिली आणि जाता जाता म्हणाला, "मावशी, ते स्विच फंक्शन वाच आणि मला सांग, प्रोग्रॅम काउंटर कुठं सेव्ह होतो?"

शोधला. नाहीच! पुढची सूचना कुठली हे सांगणारा तो आकडाच जपला नाही, तर प्रोसेस परत येणार कुठं? यादीत रिटर्नचा पत्ता, स्टॅकचा पत्ता आणि 'एस' गटातली बारा रजिस्टरं, बाकी काही नाही. ११२ बाइट, संपलं. बाहेर एअर शोच्या सरावाची विमानं छप्पर उडवतील अशी जात होती, काचा थरथरत होत्या आणि मी डीबगरमध्ये एकेक सूचना पुढं सरकवत होते.

आणि मग दिसलं. स्विच हे साधं फंक्शन आहे, त्याला कुणीतरी बोलावलेलं असतं. त्यामुळं परत कुठं जायचं तो पत्ता आधीच एका रजिस्टरमध्ये बसलेला असतो. जुन्या प्रोसेसचा तो पत्ता लिहून ठेवायचा, त्या जागी नवीचा भरायचा आणि रिटर्न म्हणायचं. झालं! आत शिरताना बोलावणारा एक होता, बाहेर पडताना आपण दुसऱ्याच्याच दारात. एक्सव्ही-६ मध्ये तर हे दोनदा होतं: प्रोसेसमधून आधी पाळ्या ठरवणाऱ्या शेड्यूलरकडे, मग शेड्यूलरकडून दुसऱ्या प्रोसेसकडे. जुन्या युनिक्सच्या याच भागात डेनिस रिची यांनी वाचकाला हे समजावं अशी अपेक्षा नसल्याची एक टीप लिहून ठेवली होती. हे परीक्षेत विचारणार नाही, एवढंच म्हणायचं होतं, असं पुढं त्यांनीच सांगितलं. मला तर परीक्षाच नाही!

पण बाकीच्या रजिस्टरांचं काय? ती कंपायलरनं आधीच हाताळलेली असतात. फंक्शनला बोलावणाऱ्यानं आपल्याला लागणारी तात्पुरती रजिस्टरं आपणच स्टॅकवर ठेवायची, असा करार आहे. प्रत्येक प्रोसेसला कर्नलमध्ये स्वतःचा ४०९६ बाइटचा स्टॅक असतो. स्टॅकचा पत्ता बदलला की तो सगळा पसारा आपोआप मागं येतो.

बँकेत कॅशवर बसलेल्याला हे पटकन कळेल. गड्डी मोजून, रबर लावून, आकडा लिहून उठलं तर डोक्यात काही धरावं लागत नाही. मोजता मोजता कुणी हाक मारली, तर मात्र सगळंच धरावं लागतं.

आणि अशी हाक खरोखरच येते. टायमर सेकंदाला साधारण दहा वेळा टोचतो. चालू प्रोग्रॅमला पूर्वसूचना नाही, करार नाही. म्हणून तिथं ३१ रजिस्टरं जपावी लागतात. बत्तिसावं कायम शून्यच असतं, ते सुटतं. बरं, ती लिहायची कुठं, हा पत्ता धरायलाही एक रजिस्टर मोकळं हवं, आणि मोकळं तर एकही नाही! मग पहिल्याला क्षणभर एका राखीव जागेत बसवतात, त्याच्या जागी पत्ता भरतात, बाकीची तीस लिहितात आणि शेवटी त्या पहिल्याला परत बोलावून लिहितात. ही युक्ती वाचून मी खुर्चीवरून उठले, खरंच.

नव्या प्रोसेसची गंमत तर आणखीच वेगळी. ती कधी गेलेलीच नाही, मग परतणार कशी? तिच्यासाठी खोटीच नोंद तयार करतात: रिटर्नच्या जागी फोर्करेट या फंक्शनचा पत्ता आणि कोरा करकरीत स्टॅक. स्विच बिचारं विश्वास ठेवतं.

रात्री भाच्याला फोन करून हे सगळं एका दमात सांगितलं, तर म्हणाला, "तुमच्या पुण्याच्या परमचा ट्रान्सप्युटर बघ." १९९१ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकनं केलेला परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर म्हणजे आमच्या पिढीचा अभिमान, पण त्याच्या पोटात काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. ट्रान्सप्युटर या इनमॉस कंपनीच्या चिपमध्ये शेड्यूलर हार्डवेअरमध्येच होता. साध्या प्रोसेसची पाळी संपली की चिप तिला वाटेल तिथं तोडत नसे. उडी किंवा लूपचा शेवट अशा ठरावीक सूचनांची वाट पाहत असे. तिथं हिशेबाच्या तीन रजिस्टरांत जपण्यासारखं काही ठेवायचं नाही, हे कंपायलरला माहीत. मग लिहायचा तो फक्त पुढच्या सूचनेचा पत्ता आणि प्रोसेसला रांगेत उभं करायचं. एकतीस, चौदा आणि आता जवळजवळ एकच!

फोन ठेवण्याआधी त्यानं आणखी एक पिल्लू सोडलं: दशांश अपूर्णांकांसाठी वेगळी ३२ रजिस्टरं असतात, त्यांना एक्सव्ही-६ हातच लावत नाही. लिनक्स मात्र प्रोसेसरच्या दोन बिट्सना विचारतं, या प्रोसेसनं त्यांत काही लिहिलंय का? लिहिलं असेल तरच जपतं. म्हणजे निम्मं शहाणपण त्या दोन बिट्समध्येच! तो कोड मी आत्ता उघडून बसलेय आणि कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, कुणास ठाऊक.